वटवाघळाच्या सावलीतला लेखक

1939 सालच्या मार्चअखेरीस न्यूयॉर्कच्या पेपरवाल्यांकडे दहा सेंटला एक रंगीत मासिक विकायला आले. नाव ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’, अंक 27 वा, वर महिना मे. मुखपृष्ठावर पिवळे आकाश, आणि त्यावर वटवाघळासारखे पंख पसरलेला एक माणूस दोराला लटकून, एका गुंडाची मान काखेत आवळून छपरांवरून झेपावतो आहे. आत त्याची गोष्ट अवघी सहा पानांची. रसायनांच्या धंद्यातले जुने भागीदार एकेक करून मारले जात आहेत, पोलीस आयुक्त गॉर्डन चक्रावला आहे आणि त्याच्या घरी ब्रूस वेन नावाचा एक श्रीमंत, आळसटलेला तरुण पाइप ओढत वेळ काढतो आहे. शेवटच्या चौकटीत दार उघडते आणि तो आळशी तरुण आणि तो पंखवाला सूडकरी हे एकच असल्याचे वाचकाला समजते. पहिल्या पानावर सही होती रॉबर्ट केन याची. पुढची पंचवीस वर्षे बॅटमॅनच्या बहुतेक गोष्टींवर तीच सही, बॉब केन या रूपात, छापली गेली.

ही सहा पाने लिहिली होती बिल फिंगरने. त्याचे नाव त्या अंकात कुठेही नव्हते.

आज बॅटमॅन कुणाला ठाऊक नाही? आपल्याकडच्या शाळकरी पोरांच्या दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर तो असतो. पण ज्याने त्याला घर दिले, गाव दिले, नाव दिले, दुःख दिले आणि दुश्मन दिले, त्या माणसाच्या वाट्याला हयातभर फारसे काही आले नाही. ज्यांना हे वटवाघूळ-प्रकरण पोरकट वाटते, त्यांनीही ही कहाणी वाचायला हरकत नाही. ती अखेर घामाची आणि हक्काची कहाणी आहे.

फिंगरचा जन्म 8 फेब्रुवारी 1914 रोजी कोलोरॅडोमधल्या डेन्व्हर शहरातला. पाळण्यातले नाव मिल्टन. घर ज्यू, वडील ऑस्ट्रियातून आलेले. कुटुंब पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहायला आले आणि 1933 मध्ये मुलगा तिथल्या डेविट क्लिंटन शाळेतून बाहेर पडला. काय ती शाळा! बॉब केन तिथलाच, ‘द स्पिरिट’चा कर्ता विल आयस्नर तिथलाच आणि ‘स्पायडरमॅन’वाला स्टॅन लीसुद्धा तिथलाच. पण 1933 हे साल महामंदीच्या ऐन भराचे. ज्यू नावाच्या मुलाला नोकरी मिळणे त्यातही कठीण. मिल्टनचा बिल झाला. लेखक होण्याची इच्छा मनात ठेवून तो पोटासाठी बुटांच्या दुकानात विक्रेत्याचे काम करू लागला.

1938 मध्ये एका पार्टीत त्याची गाठ केनशी पडली. केन चित्रकार होता, हिशेबी होता, बोलण्यात चतुर होता. त्याला गोष्टी लिहून देणारा माणूस हवा होता. फिंगरला लिहायला जागा हवी होती. सौदा साधा ठरला. फिंगरने लिहायचे, केनने पैसे द्यायचे, सही केनची. त्या धंद्यात तेव्हा हाच रिवाज होता आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. सुरुवातीला दोघांनी मिळून केलेल्या साहसकथा आता कुणाच्या स्मरणातही नाहीत.

त्याच वर्षी सुपरमॅन आला आणि बाजार पेटला. पुढच्या वर्षी संपादक व्हिन सलिव्हन याने केनला तसाच आणखी एखादा नायक आण म्हणून सुचवले. केनने शनिवार-रविवारात चित्र काढले. अंगाला घट्ट लाल कपडे, डोळ्यांवर चिंचोळा मुखवटा, पाठीला दोन ताठ पंख. नाव बॅट-मॅन. हे चित्र त्याने फिंगरला दाखवले. पुढे काय झाले ते फिंगरने सांगितले आहे आणि केननेही उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात ते बरेचसे मान्य केले आहे. फिंगरने शब्दकोश काढला, त्यातले वटवाघळाचे चित्र दाखवले आणि म्हणाला की याचे कान बघ. डोळ्यांवरचा चिंचोळा मुखवटा गेला, त्याजागी टोकदार कानांचे शिरस्त्राण आले. डोळ्यांत बुबुळे नकोत, नुसत्या पांढऱ्या फटी हव्यात. लाल रंग फार भडक, त्याऐवजी राखाडी. ताठ पंखांऐवजी खाली टोकेटोके कापलेला झगा, म्हणजे धावताना तो पंखासारखा फुगेल. हातांत मोजे. आज जगातले कुठलेही पोर कागदावर जो बॅटमॅन काढते, तो हा आहे.

ब्रूस वेन हे नावही फिंगरचे. स्कॉटलंडचा स्वातंत्र्यवीर रॉबर्ट ब्रूस आणि अमेरिकन क्रांतियुद्धातला सेनानी अँथनी वेन, अशा दोन लढवय्यांच्या नावांची मोट त्याने बांधली. खानदानी श्रीमंताचे वाटावे असे नाव त्याला हवे होते. शहराचे नाव शोधताना तो टेलिफोन डिरेक्टरी चाळत होता, त्यात एका जवाहिऱ्याच्या दुकानाच्या नावात ‘गॉथम’ दिसले. गॉथम हे न्यूयॉर्कचे जुने, थट्टेतले टोपणनाव. त्याने ते उचलले. इतके साधे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ती पहिली सहा पाने उसनवारीची होती. ‘द शॅडो’ नावाचा एक रहस्यमय सूडकरी तेव्हा स्वस्त मासिकांतून गाजत होता. त्याच्या 1936 मधल्या एका कादंबरीवरून फिंगरने आपले पहिले कथानक बेतले आणि ही गोष्ट त्याने पुढे लपवली नाही. गंमत अशी की ती मूळ कादंबरी थिओडोर टिन्सली या लेखकाची, पण छापली गेली मॅक्सवेल ग्रँट या प्रकाशकाच्या ठरावीक टोपणनावाने! ज्याचे उचलले तोही निनावी, ज्याने उचलले तोही निनावी. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड घराघरांत नेले; पण मुखपृष्ठावर अर्नाळकर हे नाव असे आणि वाचक ते नाव बघूनच पुस्तक उचलत. न्यूयॉर्कच्या त्या कारखान्यांत मात्र लेखक म्हणजे शाईच्या बाटलीसारखा, संपला की दुसरा आणायचा.

पण फिंगर उसनवारीवर थांबला नाही. त्या काळातले बॅटमॅनचे अंक आज सलग वाचत गेले की हे कळते. 1939 च्याच नोव्हेंबरात, 33 व्या अंकात, त्याने दोन पानांत नायकाचा पूर्वेतिहास सांगितला. सिनेमा पाहून आई-वडिलांबरोबर घरी निघालेला लहान मुलगा, अंधारातून पुढे आलेला लुटारू, दोन गोळ्या. मग मेणबत्तीच्या उजेडात हात जोडून शपथ घेणारा तो मुलगा. पुढे अभ्यास, व्यायाम, रसायनशाळा आणि शेवटी खिडकीतून आत आलेले वटवाघूळ. दोन पानांत बारा-तेरा चौकटी, शब्द मोजके. सुपरमॅनकडे परग्रहावरची ताकद होती. याच्याकडे काय? एक न भरलेली जखम आणि वडिलांचा पैसा. या दोन पानांवर गेली ऐंशीहून अधिक वर्षे सिनेमे आणि कादंबऱ्या उभ्या राहत आहेत, आणि माझ्या मते त्यांपैकी कुणालाही ती गोष्ट त्याहून कमी जागेत सांगता आलेली नाही.

नायकाला बोलायला कुणीतरी हवे, नाहीतर तो सारखा स्वतःशीच विचार करत बसतो, ही लेखकाची अडचण. शेरलॉक होम्सला वॉटसन होता. 1940 च्या एप्रिलमध्ये रॉबिन आला, सर्कशीतला अनाथ मुलगा. त्याच वसंतात बॅटमॅनच्या स्वतंत्र मासिकाचा पहिला अंक निघाला आणि त्यात जोकर अवतरला. जोकर कुणाचा, यावर मात्र जन्मभर वाद राहिला. पत्त्यांतल्या जोकरची कल्पना आपली, असे केनचा तरुण मदतनीस जेरी रॉबिन्सन सांगत असे; केनला ते मान्य नव्हते. चेहरा कुठून आला याबद्दल मात्र दुमत नाही. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवर 1928 मध्ये निघालेल्या ‘द मॅन हू लाफ्स’ या मूकपटात कॉनराड व्हाइट या जर्मन नटाने कायमचे हसू कोरलेल्या अभाग्याची भूमिका केली होती. त्याचे छायाचित्र फिंगरने आणून दिले.

मग रांगच लागली. 1941 मध्ये पेंग्विन, तोही फिंगरला टेलकोट घातलेल्या खानदानी गृहस्थासारखे दिसणारे पेंग्विन पक्षी आठवल्यामुळे. 1942 मध्ये टू-फेस. या एका पात्रावर थोडे थांबावेसे वाटते. हार्वे केंट हा देखणा सरकारी वकील. भर कोर्टात एक गुंड त्याच्या तोंडावर ॲसिड फेकतो आणि अर्धा चेहरा जळतो. खटल्यातला पुरावा म्हणजे दोन्ही बाजूंना छाप असलेले एक खोटे नाणे. तो त्याची एक बाजू ओरबाडतो आणि यापुढे चांगले वागायचे की वाईट, हे त्या नाण्यावर सोपवतो. मुलांसाठी छापल्या जाणाऱ्या दहा सेंटच्या मासिकात ही कल्पना आली, हे आजही नवलाचे वाटते. फिंगरने ही गोष्ट तीन भागांत नेली आणि 1943 मध्ये केंटचा चेहरा शस्त्रक्रियेने सुधारून त्याला माणसांत परत आणले. पुढच्या लेखकांना हे पसंत पडले नाही. त्यांनी त्याला पुन्हा बिघडवले. खलनायक परवडतो, सुधारलेला माणूस खपत नाही.

1948 मध्ये कोडी घालणारा रिडलर आला. त्या वर्षांत फिंगरच्या गोष्टी डिक स्प्रँग नावाचा चित्रकार काढी आणि ही जोडी जमली होती. फिंगरला अवाढव्य वस्तूंचे वेड. माणसाहून मोठा टाइपरायटर, घराएवढी शिवणयंत्रे, जाहिरातीची प्रचंड घड्याळे, आणि त्यांवरून बॅटमॅन-रॉबिनची पळापळ. हे सगळे येई कुठून? त्याच्याजवळ वह्या होत्या. रस्त्याने जाता-येता सुचलेले, वाचलेले, कुणी सांगितलेले, सारे तो त्यांत टिपून ठेवी. मासिकांतली चित्रे कापून हस्तलिखिताला जोडी, म्हणजे चित्रकाराला पाणबुडीचे किंवा कापडगिरणीचे यंत्र अंदाजाने काढावे लागू नये. चित्रकारांना असा लेखक म्हणजे देणगीच. संपादकांना मात्र तो डोकेदुखी वाटे, कारण तो वेळेवर काम देत नसे. एकेका गोष्टीवर घोटत बसायचा, मुदत टळायची, आगाऊ रक्कम मागायची वेळ यायची. पानामागे पैसे मिळणाऱ्या धंद्यात हळू लिहिणारा माणूस कायम कर्जात. ही त्याची उणीव होती आणि तिची किंमत त्यानेच मोजली.

केनची बाजूही पाहू. त्याने बॅटमॅनची कल्पना कंपनीकडे नेली, नाव त्याचे होते, पहिले चित्र त्याचे होते. सुपरमॅनच्या सीगल आणि शुस्टर या पोरांनी 130 डॉलरला आपला नायक विकून टाकला, तशी चूक त्याने केली नाही. आपले नाव कायम छापले जाईल असा करार त्याने करून घेतला आणि 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो आणखी घट्ट केला. मालक लुबाडत असताना स्वतःपुरते कुंपण घालणारा माणूस, यात दोष कसला? दोष पुढचा. पुढे तो स्वतः क्वचितच कुंचला हाती धरी. स्प्रँग, शेल्डन मोल्डॉफ, ल्यू श्वार्ट्झ असे इतर लोक काढत, फिंगर आणि इतर लिहीत, खाली सही केनची. कंपनीने फिंगरला पुढे थेट आपल्याकडे कामाला घेतले, तरी नाव छापले नाही. करार केनशी होता. आणि फिंगर भांडला नाही. स्वभाव भिडस्त, गरज रोजची. दुसरीकडेही तो असाच राबला. ‘ग्रीन लँटर्न’ची 1940 मधली पहिली कथा त्याची. सुपरमॅनची ताकद हिरावणारा क्रिप्टोनाइटचा खडा आकाशवाणीवरून कॉमिक्समध्ये आणला तो 1949 मध्ये, त्यानेच.

1948 च्या उन्हाळ्यातली त्याची एक गोष्ट वाचताना मी दर वेळी थबकतो. ‘बॅटमॅन’ मासिकाचा 47 वा अंक. आई-वडिलांचा खुनी ज्यो चिल बॅटमॅनला सापडतो, पण पुरावा नाही. तेव्हा तो मुखवटा काढून त्याच्यासमोर उभा राहतो आणि सांगतो की मीच तो मुलगा. हादरलेला चिल आपल्या गुंड साथीदारांकडे धावतो आणि बॅटमॅन आपल्यामुळे घडला हे कबूल करतो. साथीदार चिडतात. याच्यापायी आपले हाल! ते तिथेच त्याला गोळ्या घालतात आणि मग त्यांच्या ध्यानात येते की बॅटमॅन कोण, हे त्याला विचारायचे राहूनच गेले. बॅटमॅन मी घडवला, असे म्हणणारा माणूस पुढचे नाव सांगण्याआधीच संपतो. केनचा नवा करार त्याच सुमाराचा. हे लिहिताना फिंगरच्या मनात काय होते, कोण सांगणार? बहुधा मुदत एवढेच.

1964 मध्ये ज्यूलियस श्वार्ट्झ या संपादकाने वाचकांच्या पत्रांच्या पानावर प्रथमच फिंगरचे श्रेय उघड मान्य केले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात फिंगर व्यासपीठावर बसला आणि आपण काय काय केले ते त्याने शांतपणे सांगितले. तिथे जेरी बेल्स हा एक निष्ठावंत वाचक आणि अभ्यासक होता. त्याने फिंगरला भेटून त्यावर लेख लिहिला आणि हौशी मंडळींत तो वाटला. केनला हे लागले. त्याने लांबलचक जाहीर पत्र लिहून सारे नाकारले. बॅटमॅनचा कर्ता आपणच आणि फिंगर फुशारकी मारतो, असा त्याचा सूर. फिंगरने उलट उत्तर दिल्याचे कुठे दिसत नाही.

1966 च्या जानेवारीत दूरदर्शन संचावर बॅटमॅनची मालिका सुरू झाली आणि अमेरिका वेडी झाली. केन नामवंत झाला. फिंगरने आपला मित्र चार्ल्स सिंक्लेअर याच्या जोडीने तिचे दोन भाग लिहिले, घड्याळवेड्या क्लॉक किंगचे. ते त्या ऑक्टोबरात दाखवले गेले. बॅटमॅनच्या गोष्टीवर लेखक म्हणून बिल फिंगर हे नाव रीतसर झळकले ते तेव्हा, सत्तावीस वर्षांनी. त्या दशकाच्या शेवटाकडे कंपनीच्या काही जुन्या लेखकांनी आजारपणाच्या विम्याची आणि अशाच काही सोयींची मागणी केली. फिंगर त्यांच्यात होता. सोयी मिळाल्या नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे काम मात्र आटले. त्याने काही सिनेमांच्या पटकथांना हात लावला. ‘द ग्रीन स्लाइम’ हे त्यातले एक नाव, आणि ते विसरलेले बरे.

18 जानेवारी 1974 रोजी मॅनहॅटनमधल्या भाड्याच्या घरात तो मृतावस्थेत सापडला. हृदयविकार. साठीला तीन आठवडे कमी होते. पाहिले ते त्याच सिंक्लेअरने. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले नाहीत. बेवारसांच्या दफनभूमीत तो पुरला गेला अशी वदंता बरीच वर्षे चालली, आणि कैवारी मंडळींनाही ती सोयीची वाटली. खरे निराळेच निघाले. मुलगा फ्रेड याने दहन करवून रक्षा ओरेगॉनच्या समुद्रकिनाऱ्यावर नेली आणि ओल्या वाळूवर वटवाघळाचा आकार करून ती पसरली. लाटांनी ती नेली.

पुढच्याच वर्षी, 1975 च्या डिसेंबरात, वर्तमानपत्रांच्या दबावाखाली कंपनीने सुपरमॅनच्या जनकांना निवृत्तिवेतन आणि नाव दोन्ही दिले. आणखी दोन वर्षे जगता, तर फिंगरचेही काही जमले असते काय? त्याची बाजू मांडायला कुणी नव्हते आणि केन हयात होता, श्रीमंत होता, जागरूक होता. 1989 मध्ये बॅटमॅनचा मोठा चित्रपट आला, त्याच वर्षी केनचे आत्मचरित्रही. त्यात त्याने आपल्या मित्राला हवे ते श्रेय मिळाले नाही याची खंत लिहिली. उशीर झाला होता, तरी लिहिली हे नोंदवायला हवे. करार मात्र बदलला नाही. 1992 मध्ये फ्रेड गेला. 1998 मध्ये केन गेला. त्याच्या थडग्यावर बॅटमॅनची कृपा देवाने त्याच्यावर केली अशा आशयाचा लांबलचक मजकूर कोरला आहे. फिंगरचे नाव त्यात नाही.

फ्रेडच्या मृत्यूनंतर दावा करायला वारस उरला नाही, असाच समज होता. मुलांसाठी पुस्तके लिहिणाऱ्या मार्क टायलर नोबलमनने फिंगरचे चरित्र लिहायला घेतले, तेव्हा उपलब्ध छायाचित्रेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याने जुन्या शाळेच्या नोंदी उकरल्या, कित्येक अनोळखी लोकांना फोन केले. 2007 मध्ये त्याला फ्रेडची मुलगी अथीना सापडली. आजोबा गेल्यानंतर जन्मलेली. आजोबा कोण होते हे तिला ठाऊक होते. भांडायचे कसे, हे नव्हते. 2012 मध्ये नोबलमनचे सचित्र पुस्तक निघाले, लोक बोलू लागले, वकील बसले. सप्टेंबर 2015 मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत फिंगरचे नाव येईल. 2016 च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ या चित्रपटात ते पडद्यावर आले. शब्द मात्र वकिली आहेत: निर्मिती बॉब केन, बिल फिंगरसह. ‘आणि’ नव्हे, ‘सह’. जुना करार अजून तेवढा शाबूत आहे.

ब्राँक्समध्ये ग्रँड काँकोर्स नावाच्या रुंद रस्त्यालगत पो पार्क म्हणून एक बाग आहे. रहस्यकथेचा जनक एडगर ॲलन पो आपल्या अखेरच्या वर्षांत ज्या लहानशा लाकडी घरात राहिला, ते घर तिथे जपून ठेवले आहे. 1939 मध्ये केन आणि फिंगर या बागेत बाकावर बसून गोष्टी रचत. डिसेंबर 2017 मध्ये बागेजवळच्या कोपऱ्याला ‘बिल फिंगर वे’ हे नाव देण्यात आले. पाटीचे अनावरण झाले तेव्हा नात अथीना आणि नोबलमन दोघेही तिथे उभे होते.